कॅरिसब्रुकचा किल्ला : तट, पाणी आणि कैद

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यापासून सोलेंट नावाच्या अरुंद समुद्रपट्टीने विभक्त झालेले वाइट बेट क्षेत्रफळाने सुमारे १४७ चौरस मैलांचे आहे. बेटाच्या मध्यभागी, न्यूपोर्ट या मुख्य गावापासून मैल-दीड मैलावर एका खडूच्या टेकडीवर कॅरिसब्रुकचा किल्ला उभा आहे. सह्याद्रीतील दुर्गांची सवय झालेल्या डोळ्यांना ही टेकडी फारच ठेंगणी वाटेल. चढणीला दम लागत नाही, कडा म्हणावा असा कोठे नाही, आणि किल्ल्यातून समुद्रावर तोफ डागता येईल असे म्हणावे तर समुद्रही मैलोगणती दूर आहे. असे असूनही बेटाचा धनी होण्यासाठी हा एकच किल्ला हाती असणे पुरेसे होते, हे सुमारे सहा शतके सर्वांनी गृहीत धरले होते. ज्याच्याकडे कॅरिसब्रुक त्याच्याकडे बेट, असा तेथील इतिहासाचा दंडक दिसतो.

किल्ला पाहावयास जाणाऱ्यास वाटाडे तीन वस्तू हटकून दाखवितात : गाढवाने फिरविला जाणारा विहिरीचा रहाट, फ्रेंच सरदाराचा प्राण घेणारा बाण ज्यातून सुटला ती जंगी, आणि पहिला चार्ल्स राजा जिच्या गजांत अडकून पडला ती खिडकी. तिन्ही वस्तूंच्या मागे काही ना काही सत्य आहे. पण त्या ज्या क्रमाने व ज्या भराने सांगितल्या जातात त्यामुळे किल्ल्याच्या इतिहासाचा खरा रोख झाकला जातो. कॅरिसब्रुकचे तट कोणत्याही निर्णायक युद्धात कसोटीला लागले नाहीत. त्याचे भवितव्य प्रत्येक वेळी तटाबाहेरच्या किंवा तटाआतल्या अन्य कशाने तरी ठरले : एकदा पाण्याने, एकदा मरणशय्येवरील एका दस्तऐवजाने आणि एकदा सव्वीस वर्षांच्या एका किल्लेदाराच्या सद्सद्विवेकाने.

प्रथम जमिनीखालच्या पुराव्याकडे वळणे योग्य होईल. नॉर्मन तटबंदीच्या मातीखाली एका जुन्या दगडी भिंतीचे अवशेष सापडतात. चौकोनी आवार, दगडी बांधणी आणि दक्षिण किनाऱ्यावरील रोमन ठाण्यांची मालिका या तीन गोष्टी एकत्र करून ही भिंत रोमन काळाच्या अखेरची असावी, असे पुष्कळ काळ मानले गेले. हे अनुमान सोयीचे होते आणि म्हणूनच ते टिकले. १९७६ पासून क्रिस्टोफर यंग यांनी केलेल्या उत्खननांनंतर मात्र ते सोडून देणे भाग पडले. यंग यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात ही भिंत सॅक्सन राजवटीच्या उत्तरकाळातील, म्हणजे डेनिश स्वाऱ्यांच्या धामधुमीतील, असल्याचे प्रतिपादन आहे. याच टेकडीवर सहाव्या शतकातील दफनेही आढळली आहेत. तेव्हा नॉर्मन विजेत्यांनी रिकामी टेकडी निवडली नाही. ज्या जागेला आधीच मान होता, त्या जागेवर त्यांनी आपला शिक्का उमटविला, एवढे निश्चित.

१०६६ च्या विजयानंतर हे बेट विल्यम फिट्झऑसबर्न या राजाच्या निकटच्या सरदाराकडे आले. १०७१ मध्ये तो फ्लँडर्समधील लढाईत पडला. १०७५ मध्ये त्याच्या मुलाने बंड केले आणि बेट पुन्हा राजाकडे गेले. १०८६ च्या डूम्सडे नोंदणीत या किल्ल्याचा उल्लेख येतो, पण तो किल्ला म्हणून गौरवाने येत नाही. एका गावाचा सारा पूर्वीपेक्षा कमी का धरला, याचे कारण देताना कारकुनाने त्या गावच्या जमिनीपैकी अमुक इतकी किल्ल्याने अडविली आहे, असे लिहून ठेवले आहे. कॅरिसब्रुकच्या इतिहासातील हा पहिला लेखी पुरावा महसुली खात्याचा आहे, ही गोष्ट अभ्यासकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुर्गांचा इतिहास बखरीतून जितका कळतो त्याहून अधिक जमाखर्चातून कळतो.

पहिल्या हेन्रीने ११०० च्या सुमारास बेट रिचर्ड द रेडव्हर्स याला दिले आणि पुढे जवळजवळ दोनशे वर्षे ते त्या घराण्याकडे राहिले. रिचर्डचा मुलगा बाल्डविन याने ११३६ मध्ये स्टीफन राजाविरुद्ध बंड उभारले. स्टीफनच्या कारकीर्दीचे तत्कालीन लॅटिन चरित्र, ‘गेस्टा स्टेफानी’, या प्रकरणाचे मुख्य साधन आहे. त्यात दोन किल्ल्यांची हकीकत लागोपाठ येते. बाल्डविनच्या शिबंदीने प्रथम एक्झेटरचा किल्ला तीन महिने लढविला. राजाने भुयारे खणली, यंत्रे लावली, अमाप पैसा ओतला. पण किल्ला पडला तो विहिरी आटल्यामुळे. पाणी संपल्यावर आतले लोक मद्यात अन्न शिजवू लागले, आगी मद्याने विझवू लागले, आणि मद्यही संपले तेव्हा शरण आले. बाल्डविन तेथून वाइट बेटावर पळाला. कॅरिसब्रुकचा त्याचा किल्ला घडीव दगडांनी बांधलेला आणि देखणा असल्याचे हा चरित्रकार सांगतो. तेथे धान्य भरपूर होते. बाल्डविनचा बेत सोलेंटमधून जाणारी व्यापारी जहाजे लुटून राजाला जेरीस आणण्याचा होता. पण राजा पाठोपाठ आला आणि नेमक्या त्याच सुमारास किल्ल्यातील पाणी आटल्याची वार्ता आली. प्रत्यक्ष झुंज होण्यापूर्वीच बाल्डविनने मान तुकविली व देशत्याग केला.

एकाच वर्षी एकाच सरदाराचे दोन किल्ले एकाच कारणाने पडावेत, हा योगायोग वाचकाला संशयास्पद वाटेल. मध्ययुगीन धर्मोपदेशक लेखकांना आटलेल्या विहिरीत ईश्वरी क्षोभ दिसत असे आणि हा चरित्रकारही एक्झेटरच्या बाबतीत तसे सुचवितो. परंतु येथे वास्तूची साक्ष त्याच्या बाजूने उभी राहते. किल्ल्याच्या मोठ्या चौकात आज जी विहीर आहे ती सुमारे १६० फूट खोल असून तिचा बराचसा भाग खडूच्या थरातून खणलेला आहे. ती बाराव्या शतकाच्या मध्याची, म्हणजे बाल्डविन हद्दपारीतून परत आल्यानंतरची, मानली जाते. बालेकिल्ल्यातही एक जुनी खोल विहीर आहे. पाण्यावाचून एकदा राज्य गमावलेल्या माणसानेच इतका खर्च व इतके श्रम विहिरीवर केले असतील, हे अनुमान सयुक्तिक ठरते. खडूचा दगड पाणी धरून ठेवत नाही, ते झिरपू देतो. त्यामुळे आपल्याकडील दुर्गांप्रमाणे कातळात टाके खोदून पावसाळ्याचे पाणी साठविण्याचा मार्ग तेथे सहजी खुला नव्हता. भूजलापर्यंत खाली जाणे किंवा पाण्यावाचून राहणे, एवढेच दोन पर्याय होते.

विहिरीवरील आजचे दगडी घर १५८७ चे आहे. आत मोठ्या लाकडी चाकात जनावर चालते, चाक फिरते, आणि दोर गुंडाळत जाऊन पोहरा वर येतो. पूर्वी हे चाक कैदी फिरवीत असत व सतराव्या शतकाच्या अखेरीपासून गाढवे फिरवू लागली, असे सांगतात. या गाढवांची नावे रोमन लिपीतील ‘जे’ या अक्षराने सुरू होतात आणि त्याचे कारण बंदिवान चार्ल्स राजा आपल्या गुप्त पत्रांखाली ‘जे’ अशी खूण करीत असे, हेही तेथे कौतुकाने सांगितले जाते. त्या बिचाऱ्या प्राण्यांच्या गळ्यात राजनिष्ठा अडकविण्याची ही कल्पना गमतीची खरी. पण सोळाव्या शतकातले ते घर पाहताना प्रवाशांचे ध्यान विहिरीपेक्षा गाढवाकडे लागते, हा तिचा परिणाम फारसा चांगला नव्हे.

चौकाच्या ईशान्य कोपऱ्यात मातीचा उंच गोल ढीग आहे. तो विजेत्यांच्या काळचा. त्याच्या माथ्यावर अनेक कोनी दगडी बालेकिल्ला असून वर जाण्यास एकाहत्तर पायऱ्या आहेत. चढून गेल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरते. येथून बेट सगळीकडे दिसते, आणि त्याचबरोबर किल्ल्याचा चौकही तळहातासारखा दिसतो. कोण दरवाजातून आत आले, कोण कोणत्या दालनाकडे गेले, हे सारे वरून टिपता येते. हा बालेकिल्ला बाहेरच्या शत्रूवर नजर ठेवण्यासाठी जितका होता तितकाच आतल्या माणसांवरही. पुढील इतिहासात या दुसऱ्या उपयोगाला महत्त्व आले.

रेडव्हर्स घराण्याची शेवटची वारस इझाबेला द फोर्टिबस हिचा जन्म १२३७ चा. तेविसाव्या वर्षी वैधव्य आले, पंचविसाव्या वर्षी भावाच्या निधनाने संपूर्ण मिळकत हाती आली, आणि तिची सर्व मुले तिच्या डोळ्यांदेखत गेली. इंग्लंडमधील अतिश्रीमंत जमीनदारांत तिची गणना होई. कॅरिसब्रुक हे तिचे आवडते निवासस्थान होते. तिने तेथे दिवाणखाना, दालने व देवघर बांधले. चौकातील वस्तीच्या इमारतींचा गाभा आजही बराचसा तिचाच आहे. तिच्या कारभाराचे हिशेब उपलब्ध असल्यामुळे या किल्ल्यातील तेराव्या शतकाचा दैनंदिन व्यवहार इतर शतकांपेक्षा अधिक स्पष्ट दिसतो. ही बाई भांडखोर होती असे जुने लेखक म्हणतात. तिने असंख्य दावे चालविले हे खरे. परंतु पुनर्विवाहाचा आग्रह, वारसांचे डोळे आणि राजाची हाव यांच्यामध्ये एकट्या स्त्रीने तीस वर्षे एवढी मिळकत राखली, तर ती दावे न चालविता कशी राखली असती, याचा विचार त्या लेखकांनी केलेला दिसत नाही.

पहिल्या एडवर्डला बेट हवे होते. फ्रान्सशी वैर वाढत चालले असताना दक्षिण किनाऱ्यासमोरील एवढे मोक्याचे ठाणे खाजगी मालकीत असणे त्याला परवडणारे नव्हते. इझाबेला जिवंत असेतो ते साधले नाही. १२९३ च्या नोव्हेंबरात ती लंडनजवळ स्टॉकवेल येथे आजारी पडली. राजाचे अधिकारी तेथे धावले, खरेदीखत तयार झाले, तिची मोहोर उमटली, आणि १० नोव्हेंबरला ती मरण पावली. सहा हजार मार्कांच्या मोबदल्यात बेट राजाचे झाले. तिचा वारस असलेल्या कोर्टने घराण्याने पुढे या व्यवहाराला हरकत घेतली, पण तिचा उपयोग झाला नाही. मरणाऱ्या बाईची संमती कितपत शुद्धीतली होती, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. त्याचे उत्तर कोणतेही असो, परिणाम एकच झाला. बेटाला वंशपरंपरागत धनी उरला नाही. यापुढे कॅरिसब्रुकमध्ये राहणारा मनुष्य हा मालक नव्हे, तर वरून नेमलेला अधिकारी होय. मध्यंतरी काही सरदारांना बेट बहाल झाले तरी ही मूळ स्थिती बदलली नाही. ज्याने नेमले त्याला त्याने जबाबदार राहावयाचे. ३५४ वर्षांनंतर एका राजाला या बदलाची किंमत द्यावी लागली.

त्यापूर्वीच्या लष्करी घटना थोडक्यात आटोपण्याजोग्या आहेत. १३७७ मध्ये फ्रेंचांनी बेटावर उतरून न्यूपोर्टसह गावे जाळली. कॅरिसब्रुक सर ह्यू टिरेल याने राखले. फ्रेंच सेनापती बाणाने पडल्याची आणि तो बाण अमुक जंगीतून सुटल्याची कथा याच प्रसंगाची आहे. फ्रेंच परत गेले ते एक हजार मार्कांची खंडणी घेऊन, हा भाग कथेत सहसा येत नाही. दरवाजाचे दोन भव्य गोल बुरूज त्याच शतकातले असून ते पुढे आणखी उंच करण्यात आले.

स्पॅनिश आरमाराच्या भीतीने मात्र किल्ल्याचे रूप पालटले. सर जॉर्ज कॅरी १५८३ पासून येथे अधिकारी होता. तो मोठ्या थाटाने राहत असे आणि बेटातील जुन्या घराण्यांना तो डोईजड वाटे. १५८८ चे आरमार बेटाजवळून लढत लढत पुढे निघून गेले. पण स्पेनकडून पुन्हा स्वारी येईल अशी धास्ती राहिली. १५९७ पासून फेदेरिगो जांबेल्ली या इटालियन स्थापत्यतज्ज्ञाच्या योजनेनुसार जुन्या किल्ल्याभोवती नवी बाह्य तटबंदी उभी राहू लागली. अँटवर्पच्या वेढ्यात १५८५ मध्ये दारूने भरलेली जहाजे सोडून स्पॅनिशांचा पूल उडविणारा तो हाच. त्याची रचना तोफांच्या युगातली आहे : ठेंगणा व जाड मातीचा तट, त्याला दगडी दर्शन, आणि एकमेकांच्या पायथ्यावर मारा करता येईल असे बाणाच्या टोकासारखे कोनी बुरूज. आज प्रवासी ज्या पहिल्या दरवाजाने आत शिरतो त्यावर राणी एलिझाबेथची आद्याक्षरे आणि १५९८ हे साल आहे. नव्या दरवाजातून जुन्या बुरुजांकडे चालताना शंभर पावलांत युद्धशास्त्राची दोन शतके ओलांडली जातात. दोन्हींत डागडुजीखेरीज युद्धाची खूण जवळपास नाही. जांबेल्लीच्या तटावर शत्रू कधी आलाच नाही.

तट निरुपयोगी होता असा याचा अर्थ नव्हे. १६४२ मध्ये राजा व पार्लमेंट यांच्यात यादवी सुरू झाली तेव्हा बेटाचा अधिकारी अर्ल ऑफ पोर्टलंड हा पार्लमेंटच्या अटकेत होता आणि त्याची पत्नी मुलांसह किल्ल्यात होती. न्यूपोर्टचे लोक पार्लमेंटच्या वतीने चालून आले. काउंटेस पेटती वात घेऊन तटावर उभी राहिली, आणि सन्मानाच्या अटी मिळाल्या नाहीत तर पहिली तोफ आपणच डागू, असे तिने बजाविले. अटी मिळाल्या, तोफ उडाली नाही, किल्ला पार्लमेंटकडे गेला. त्या अजिंक्य गणल्या जाणाऱ्या तटामागे शिबंदी मूठभर होती आणि बाहेरची जनता विरुद्ध होती. बेट कोणाच्या बाजूचे आहे हे त्या दिवशीच ठरले होते.

पाच वर्षांनी पहिला चार्ल्स याच बेटाकडे का वळला, हा या किल्ल्याच्या इतिहासातील खरा वादाचा मुद्दा आहे. युद्ध हरलेला राजा १६४७ च्या उन्हाळ्यात व शरदात लष्कराच्या ताब्यात हॅम्प्टन कोर्ट येथे होता. ११ नोव्हेंबरच्या रात्री तो तेथून निसटला. त्याच्याबरोबर जॉन अ‍ॅशबर्नहॅम, सर जॉन बर्कली व विल्यम लेग हे तीन विश्वासू होते. ते सोलेंटच्या काठी टिचफील्ड येथे थांबले. अ‍ॅशबर्नहॅम आणि बर्कली पलीकडे जाऊन कॅरिसब्रुकचा नवा अधिकारी कर्नल रॉबर्ट हॅमंड याला भेटले. राजा जवळच आहे हे ऐकताच हॅमंड पांढराफटक पडला व थरथर कापू लागला, असे बर्कली लिहितो. त्याने संदिग्ध शब्द दिले, आणि दोघांनी त्याला सरळ राजाकडे आणले. हॅमंड खाली आला आहे हे कळताच आपला घात झाला हे राजाने ओळखले. अ‍ॅशबर्नहॅमने हॅमंडला ठार करण्याची तयारी दर्शविली, राजाने ती नाकारली. १४ नोव्हेंबरला राजा कॅरिसब्रुकच्या दरवाजातून आत गेला.

या चुकीचा दोष कोणाचा? अ‍ॅशबर्नहॅम आणि बर्कली या दोघांनीही आपापल्या कैफियती लिहिल्या. बर्कलीची १६९९ मध्ये व अ‍ॅशबर्नहॅमची त्याच्या वंशजाने १८३० मध्ये प्रसिद्ध केली. दोन्ही लेखन स्वसमर्थनासाठी केलेले असून दोष एकमेकांकडे लोटण्यात दोघांचेही चातुर्य दिसते. जेथे दोघांची साक्ष परस्परांच्या सोयीविरुद्ध जुळते तेवढाच भाग भक्कम मानावा. दुसरी उपपत्ती अशी की, क्रॉमवेलनेच राजाला भीती घालून पळावयास लावले व बेटाच्या पिंजऱ्यात ढकलले. ही कल्पना फार जुनी आहे. अँड्रू मार्व्हेलच्या १६५० मधील क्रॉमवेलविषयक प्रसिद्ध कवितेतच ती सूचित झालेली आढळते. परंतु परिणाम क्रॉमवेलच्या पथ्यावर पडला म्हणून हेतूही त्याचाच, हा तर्क न्यायालयात टिकणारा नाही. हॅम्प्टन कोर्टहून निघालेला राजा लंडनला, स्कॉटलंडला किंवा परदेशी गेला असता तर क्रॉमवेलची काय अवस्था झाली असती, याचाही हिशेब करावा लागतो.

साधे कारण अधिक पटणारे आहे. हॅमंडचा चुलता हेन्री हॅमंड राजाचा धर्मगुरू होता. हॅमंड स्वतः लष्कराच्या उग्र मंडळींना कंटाळून या दूरच्या नेमणुकीवर आला होता, आणि तशा अर्थाचे त्याचे बोलणे अ‍ॅशबर्नहॅमच्या कानी आले होते. एवढ्यावरून हा मनुष्य आपला आहे असे राजपक्षाने धरून चालले. तोच हॅमंड जॉन हॅम्प्डेनचा जावई होता आणि त्या नात्याने क्रॉमवेलच्या गोतातला होता, ही दुसरी बाजू त्यांनी तोलली नाही. त्याहून मोठी चूक संस्थेविषयीची होती. राजाला कॅरिसब्रुक हा सरदाराचा गड वाटला. धनी मनाने आपला असला की गड आपला. पण १२९३ नंतर तेथे धनी नव्हता, अधिकारी होता, आणि त्याची नेमणूक आता पार्लमेंटकडून होती. हॅमंडने राजाला आदराने घेतले आणि त्याच वेळी वरिष्ठांना कळविले. त्याच्या दृष्टीने या दोन कृतींत विसंगती नव्हती.

नन्वेलचा सर जॉन ओग्लँडर हा बेटातील जुना जमीनदार कट्टर राजनिष्ठ होता. त्याच्या टिपणवहीत राजाच्या आगमनाची नोंद आहे. ही वार्ता ऐकून त्याला रडू कोसळले. जेथे राजाला इतक्या पक्केपणी कोंडून ठेवता येईल असे दुसरे ठिकाण नाही, अशा अर्थाचे शब्द त्याने लिहून ठेवले आहेत. जन्मभर बेटावर राहिलेल्या माणसाचा हा अभिप्राय राजाच्या तिन्ही सल्लागारांच्या शहाणपणाहून मोलाचा होता, परंतु तो कोणी विचारला नाही.

पहिले काही आठवडे राजा बेटावर मोकळेपणाने हिंडला. २६ डिसेंबरला त्याने किल्ल्यातच स्कॉटलंडच्या प्रतिनिधींशी गुप्त करार केला. तो शिशाच्या पत्र्यात गुंडाळून किल्ल्याच्या बागेत पुरला, असे क्लॅरेंडन सांगतो. दोनच दिवसांनी पार्लमेंटच्या चार मागण्या त्याने फेटाळल्या. तेव्हापासून दरवाजे बंद झाले व सेवकांना काढून टाकण्यात आले. २९ तारखेला कॅप्टन बर्ली नावाच्या वृद्ध राजनिष्ठाने न्यूपोर्टच्या रस्त्यात ढोल वाजवून लोकांना राजाच्या सुटकेसाठी हाक दिली. तिचा बोजवारा उडाला आणि फेब्रुवारीत बर्लीला विंचेस्टर येथे देहान्त शिक्षा झाली. परचक्राला अडविण्यासाठी बांधलेला जांबेल्लीचा तट आता आतून बाहेर जाणाऱ्यास अडवू लागला. पूर्वेकडील बाहेरच्या आवारात राजासाठी चेंडूफळीसारख्या एका खेळाचे हिरवे मैदान तयार करण्यात आले, तेही त्याच तटाच्या आत.

सुटकेचा पहिला प्रयत्न २० मार्च १६४८ चा. (तत्कालीन इंग्रजी कागदांत हे साल १६४७ असे आढळेल, कारण तेथे नवे वर्ष २५ मार्चला लागे, मूळ साधने वाचताना विद्यार्थ्यांची येथे हमखास फसगत होते.) हेन्री फायरब्रेस या सेवकाने योजना आखली होती. राजाने खिडकीतून दोराने उतरावे, तट ओलांडावा, बाहेर घोडे तयार, किनाऱ्यावर नाव तयार. गज कापून घ्यावेत असे फायरब्रेसने सुचविले होते. जेथून डोके जाते तेथून देह जातो, असा निर्वाळा राजाने दिला. त्या रात्री राजाचे डोके बाहेर आले आणि छाती व खांदे अडकले. खाली अंधारात उभ्या फायरब्रेसला त्याचे कण्हणे ऐकू येत होते, पण मदत करणे शक्य नव्हते. मोठ्या कष्टाने राजा मागे सरला. बेत फसल्याची खूण म्हणून त्याने खिडकीत मेणबत्ती ठेवली. हा वृत्तान्त फायरब्रेसने फार वर्षांनी लिहिला असला तरी त्यातील राजाचा हट्ट इतका अनाकर्षक आहे की, एकनिष्ठ सेवकाने तो पदरचा घातला असेल असे वाटत नाही.

दुसऱ्या प्रयत्नासाठी, २८ मे रोजी, गजावर तेजाबाचा प्रयोग करण्यात आला होता व पहारेकरी फोडण्यात आले होते. त्यांतल्याच काहींनी हॅमंडला बातमी दिली. राजाने खिडकीतून डोकावले, ठरल्यापेक्षा अधिक माणसे खाली दिसली, आणि तो मागे फिरला. या दोन प्रयत्नांच्या दरम्यान राजाची खोली बदललेली होती. म्हणजे एका खिडकीकडे बोट दाखवून दोन्ही रात्रींची गोष्ट सांगणे बरोबर नाही. शिवाय राजाच्या निवासाच्या इमारतींत नंतर पुष्कळ फेरफार झाले आहेत. वास्तू जे सांगते ते निराळेच आहे. राजाची दालने चौकाच्या बाजूस आहेत, चौकावर बालेकिल्ल्याची नजर आहे, तटावर पहारा आहे, तटापलीकडे जांबेल्लीचे बुरूज, त्यांच्यापलीकडे पार्लमेंटकडे झुकलेले न्यूपोर्ट, आणि शेवटी समुद्र. गज कापले गेले असते तरी हे सारे उरलेच होते.

सप्टेंबरात वाटाघाटींसाठी राजाला न्यूपोर्टमध्ये ठेवण्यात आले. तो शब्दाने बांधलेला होता, भिंतींनी नव्हे. त्या काळात पळून जाणे सर्वांत सोपे होते, आणि आश्चर्य असे की याच वेळी त्याने ते केले नाही. नोव्हेंबरअखेर लष्कराने पार्लमेंटला बाजूस सारून राजाला ताब्यात घेण्याचे ठरविले. २५ नोव्हेंबरला क्रॉमवेलने हॅमंडला लिहिलेले दीर्घ पत्र उपलब्ध आहे. पार्लमेंटची आज्ञा मोठी की ईश्वरी संकेत मोठा, या प्रश्नावर तरुण नातलगाचे मन वळविण्याचा तो प्रयत्न आहे. हॅमंड वळला नाही. ज्याने नेमले त्याच्या लेखी आज्ञेशिवाय कैदी सोपविणार नाही, ही त्याची भूमिका राहिली. त्याला बेटावरून दूर करण्यात आले आणि १ डिसेंबरला राजाला समुद्रापलीकडे हर्स्टच्या किल्ल्यात नेले. ३० जानेवारी १६४९ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. राजपक्षाने हॅमंडला क्रूर तुरुंगाधिकारी ठरविले, लष्कराने त्याला कच्च्या दिलाचा मानले. वस्तुतः वर्षभर तो दोघांनाही एकच उत्तर देत होता. (याच राजाच्या मुलाला, दुसऱ्या चार्ल्सला, १६६१ च्या विवाहकराराने मुंबई बेट मिळाले. त्यानेही एक दूरचे बेट मालकापेक्षा अधिकाऱ्यांच्या हाती देणे पसंत केले व १६६८ मध्ये ते कंपनीकडे सोपविले.)

१६५० च्या ऑगस्टात चार्ल्सची मुले, एलिझाबेथ आणि हेन्री, यांना कॅरिसब्रुकला आणून ठेवण्यात आले. एलिझाबेथ चौदा वर्षांची होती. वडिलांसाठी केलेल्या हिरव्या मैदानावर खेळत असता ती पावसात भिजली, तापाने पडली आणि ८ सप्टेंबरला वारली. तिला हॉलंडमध्ये बहिणीकडे जाऊ द्यावे असा निर्णय होत होता, तो तिच्यापर्यंत पोहोचला नाही. न्यूपोर्टच्या सेंट थॉमस चर्चमध्ये तिला पुरले. जागा कालांतराने विस्मृतीत गेली. १७९३ मध्ये दुसऱ्या कोणासाठी थडगे खणताना तिची शवपेटी सापडली, आणि १८५६ मध्ये व्हिक्टोरिया राणीने मारोकेट्टी या शिल्पकाराकडून तिचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. किल्ल्यातील ते मैदान आजही तसेच हिरवे आहे. उन्हाळ्यात प्रवासी तेथे शिदोरी सोडून बसतात.